देवाजीभाऊंची लांब शिट्टी

माजरीजवळच्या खाण कॉलनीत मी राहायला गेले, त्याच दुपारी माझ्या नव्या कपबश्या फुटल्या. सहाच्या सहा. त्याचा दोष मी शेजारच्या देवाजी रामटेक्यांना द्यायची आणि ते तो खाणीवर ढकलायचे. या भांडणाचा निकाल कधी लागला नाही.

झालं असं, की कॉलनीच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागून मी नुकतीच तिथे आले होते. स्वयंपाकघरातल्या फळीवर कपबश्या मांडत होते. तेवढ्यात बाहेर तीन आखूड शिट्ट्या वाजल्या. मला वाटलं, पोलीस आले. खिडकीतून डोकावले, तर शेजारच्या व्हरांड्यात साठीचा एक काटक गृहस्थ खुर्चीवर ताठ बसलेला. अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी आणि मांडीवर गिटार. त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं, रस्त्यात कोणी नाही अशी खात्री केली आणि वाजवायला सुरुवात केली.

सूर माझ्या ओळखीचा नव्हता. आपल्याकडचा नव्हता आणि सिनेमातलाही नव्हता. अंधाऱ्या जिन्यावरून म्हातारं माणूस जपून उतरतं, तसा एकेक पाऊल टाकत तो चालला होता. मी फळीपाशीच ऐकत उभी राहिले. समोरच्या रांगेतल्या बायका मात्र वेगळ्याच उद्योगात होत्या. एक दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून उभी होती. दुसरीने भिंतीवरची तसबीर तळव्याने दाबून धरली होती. तिसरीने पाळण्यातल्या लेकराचे कान झाकले होते. या कॉलनीत संगीताला मान द्यायची काही वेगळीच रीत दिसते, असं मी मनात म्हणते न म्हणते तोच सूर शेवटाशी येऊन थबकला आणि जमिनीतून धडाम् असा आवाज झाला. पायाखालची फरशी हलली, फळी हलली, आणि पुढचं सांगितलंच आहे.

"बाई, नवीन आहा का जी?" समोरून पातेलंवालीने विचारलं. "गाणं लागलं का भांडे धरून ठेवा लागते. कोनी सांगतलं नाई तुमाले?"

कॉलनीपासून थोड्याच अंतरावर कोळशाची उघडी खाण होती. तिथे रोज दुपारी सुरुंग उडत. त्याआधी भोंगा व्हायचा, पण तो इतका आधी व्हायचा की बायका भोंगा ऐकायच्या, पुन्हा कामाला लागायच्या आणि विसरून जायच्या. देवाजीभाऊंची गिटार मात्र घड्याळाच्या काट्याला धरून होती. त्यांचा शेवटचा सूर आला की सुरुंग उडायचा, म्हणजे उडायचाच. त्यामुळे त्या गतीला कॉलनीत सगळे 'भोंग्याचं गाणं' म्हणायचे. ती युरोपातली चारशे वर्षांपूर्वीची नाचाची गत आहे, राजदरबारातले लोक तिच्यावर पावलं मोजत चालायचे, असं मी एकदा समोरच्या रांगेत सांगून पाहिलं. "मंग त्याहिच्या कपबश्या कोन धरे?" एवढाच प्रश्न मला आला.

देवाजीभाऊ मूळचे आरमोरीकडच्या एका धानाच्या गावचे. उभी हयात भुयारी खाणीत शॉटफायरर म्हणून काढली. कोळशाच्या भिंतीत ओळीने भोकं पाडायची, त्यात बारूद भरायची आणि ती उडवायची, हे त्यांचं काम. या कामाला नियम फार. आधी तीन आखूड शिट्ट्या मारायच्या, म्हणजे माणसं बाजूला होतात. मग बार उडवायचे आणि कानांनी मोजायचे. एखादा कमी भरला, तर तो मिसफायर. मग कोणी जागचं हलायचं नाही. ठरलेला वेळ थांबायचं, मग शॉटफायररने एकट्याने जाऊन पाहायचं. सगळी भोकं रिकामी झाली अशी खात्री पटली की एक लांब शिट्टी. ती ऐकल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही.

हे नियम भाऊंनी खाणीत ठेवून यायला हवे होते, ते घरी आणले. सुमनबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फोडणी दिली की हे ओसरीतून मोहरीचे तडतड मोजायचे. दिवाळीत लवंगी माळ उडाली की न उडालेले फटाके वेचायला स्वतः जायचे आणि मग लांब शिट्टी मारायचे. तोवर पोरं अंगणात ओळीने ताटकळत उभी. सुमनबाईंचा या सगळ्यावर एकच शेरा असे. "माणूस रिटायर झाला जी, पण शिट्टी नाई झाली."

गिटार त्यांच्याकडे आली तीही गंमतच. त्या क्वार्टरात आधी केरळकडचे एक सर्व्हेअर साहेब राहत. बदली झाली तेव्हा जाताना ते गिटार आणि एक पातळसं पुस्तक मागे ठेवून गेले. भाऊंनी दोन वर्षं ती वस्तू कपाटावर सांभाळली. साहेब परत मागायला येईल, तेव्हा ती जशीच्या तशी द्यायची, हा नियम. साहेब आला नाही. मग एके दिवशी त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. त्यात सूर लिहिले होते ते सहा आडव्या रेघांवर आणि रेघांवर आकडे. गिटारीच्या सहा तारा म्हणजे सहा रेघा, आणि दांड्यावरच्या कुठल्या पट्टीत दाबायचं तो आकडा.

"म्या पाह्यलं न चाटच पडलो," भाऊ मला सांगत होते. "हे तं आपलंच काम होय बाई! सहा ओळी होलायच्या. कोनतं होल कवा उडवाचं, सारं नकाशात लिवलेलं. साहेब लोकायनं उगाच संगीत म्हून नाव ठेवलं."

त्यांनी पुस्तकातली पहिलीच गत उचलली आणि ती सोडून दुसरं पान कधी उलटलं नाही. खाणीत भोकांच्या जागी चुन्याने खूण करतात, तशा त्यांनी गिटारीच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. सुमनबाई गिटारीला 'भोपळा' म्हणायच्या. "इतक्या वर्सात भोपळ्याची भाजी तरी झाली असती," असं रोज दुपारी एकदा म्हणून त्या आत जायच्या, आणि पातेलं मात्र सगळ्यांच्या आधी धरायच्या.

मिसफायरचा नियम गिटारीलाही लागू होता. चुकीचा सूर लागला की भाऊ उजवा हात वर करायचे. मग ऐकणाऱ्याने हलायचं नाही. हे काय प्रकरण आहे, ते मला त्यांच्या थोरल्या लेकीच्या, वर्षाच्या, पाहुण्यांनी दाखवलं. राजुऱ्याकडून मुलगा पाहायला आला होता. आईवडील, आत्या, मामा, सगळा गोतावळा. शेजारीण म्हणून मीही पोहे वाढायला हजर होते. मुलाच्या आईला कोपऱ्यात गिटार दिसली आणि कोण वाजवते म्हणून त्यांनी कौतुकाने विचारलं. सुमनबाईंनी डोळे मोठे केले, पण तोवर तीन शिट्ट्या होऊन गेल्या होत्या. गत मध्यावर आली आणि एक सूर भलताच लागला. भाऊंचा हात वर गेला.

"हलू नका जी. मिसफायर हाय."

आत्याबाईंचा पोह्यांचा चमचा तोंडापाशी होता, तो तिथेच राहिला. मामा पंख्याकडे बघू लागले. सुमनबाई दारात डोळे मिटून उभ्या होत्या. सोयरीक गेली, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. भाऊ शांत बसून राहिले, मग उठले, कोनाड्यातली बॅटरी घेतली, गिटारीच्या भोकात उजेड पाडून नीट पाहिलं आणि परत बसून पहिल्यापासून वाजवायला घेतलं. मी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. ते राजुऱ्याकडच्या एका खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचे मुकादम होते. त्यांनी कप केव्हाच खाली ठेवला होता आणि चुळबुळ करणाऱ्या पोराचा गुडघा दाबून धरला होता.

"असा नियमाचा मानूस म्या पाह्यला नाई," निघताना ते म्हणाले. "रामटेके भाऊ, इथीच सोयरीक करू जी."

सुमनबाईंनी त्या दिवशी भोपळ्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

इतकं असूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. तीन आखूड शिट्ट्या मी रोज ऐकत होते. गिटारीनंतरची लांब शिट्टी एकदाही ऐकली नव्हती.

एका श्रावणात दुपारी आभाळ भरून आलं आणि विजा चमकू लागल्या. विजा असल्या की खाणीत सुरुंग थांबवतात. इकडे भोंगा झाला होता, भाऊंची गत सुरू झाली होती, समोरच्या रांगेत पातेली धरली गेली होती. शेवट आला, पण धडाम् आलं नाही. भाऊंनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाजवल्या. पुन्हा वाजवल्या. गोल गोल राणी खेळणाऱ्या पोरासारखे ते तिथल्या तिथे फिरत राहिले. बायकांचे हात भरून आले. "भाऊ, उतरवा न आता एकदाचं!" समोरून कोणी तरी ओरडलं. शेवटी ते थांबलेच. तेही शेवटच्या सुराआधी.

मी शंकरपाळे देण्याच्या निमित्ताने गेले. गिटार खुर्चीवर टेकवलेली होती. दांड्यावरच्या सगळ्या पांढऱ्या खुणा बोटांनी घासून पुसट झाल्या होत्या. एकच खूण कालच रंगवल्यासारखी कोरी होती. सगळ्यात बारीक तारेखाली, पाचव्या पट्टीत.

"भाऊ, शेवट का नाही वाजवला?"

"शेवट खाणीकडे हाय बाई."

"म्हणजे?"

 त्यांनी डावा पंजा माझ्यापुढे धरला आणि बोटं मिटली. तीन मिटली. करंगळी काडीसारखी ताठ राहिली. लहानपणी बैल जुपताना ती जुवाखाली सापडली होती आणि तेव्हापासून ती वाकलीच नव्हती. गतीचा शेवटचा सूर चार तारा एकदम दाबून वाजवायचा होता. तीन बोटं दुसऱ्या पट्टीत आणि करंगळी पाचव्या. पुस्तकात त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात चार लिहिलं होतं. चार म्हणजे अंगठा सोडून चौथं बोट, करंगळी.

मला हसू आवरेना. हा गृहस्थ रोज खाणीच्या सुरुंगाआड लपून अख्ख्या कॉलनीच्या डोळ्यांत, खरं तर कानांत, धूळ फेकत होता! सुमनबाई आतून म्हणाल्या, "बारा वर्स झाले, मले मालूम हाय. आता तुमाले मालूम झालं. तिसऱ्याले सांगू नोका बाप्पा."

भाऊ मात्र हसले नाहीत. "तुमी हासा बाई. पण एक होल भरलेलं राह्यलं न, का शॉटफायररले चैन पडत नाई. थे उडल्याबिगर लांब शिट्टी कशी मारू? ते खोटं होते. मराच्या आंधी एक डाव मारीन म्हंतो."

माझं हसू तिथेच विरलं. मला तोवर वाटत होतं की हा सगळा त्यांचा पोरखेळ आहे.

यानंतरचा प्रकार चंद्रपूरचा. निवृत्त कामगारांचं एक स्नेहसंमेलन होतं, त्यात कलादर्शन. कॉलनीने भाऊंचं नाव परस्पर देऊन टाकलं. त्यांनी नाही-होय केलं, पण दोन बस भरून माणसं निघाली म्हटल्यावर करणार काय? मी आणि सुमनबाई शेजारी बसलो होतो. मंचावर तीन शिट्ट्या झाल्या आणि चंद्रपूरचे लोक दचकून दरवाज्यांकडे बघू लागले. गत सुरू झाली. खरं सांगते, त्या दिवशी ती फार सुंदर वाजली. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. शेवटाशी सूर चढू लागला, तशी आमच्या दोन बसमधली झाडून सगळी माणसं, बाया, म्हातारे, कानात बोटं घालून, समोरची खुर्ची घट्ट धरून तयार झाली. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेले. चंद्रपूरकर आमच्याकडे बघायला लागले. इतकं वाईट वाजतंय का, असं त्यांना वाटलं असावं.

आणि भाऊ शेवटच्या सुराआधी थबकले. सवयीने ते सुरुंगाची वाट पाहत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण चंद्रपुरात आहोत. त्यांचा चेहरा पार उतरला. क्षण गेला, दुसरा गेला. सुमनबाई ताडकन उठल्या. त्यांनी आपली लोखंडी घडीची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि फरशीवर आपटली. धाड्!

काय टाळ्या पडल्या! शेवट असाच असतो असं समजून लोक उभे राहिले. नंतर गिटार शिकवणारा एक तरुण मास्तर भाऊंना भेटायला आला. त्याच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. "काका, करंगळी कशाला?" तो अदबीने म्हणाला. "पहिलं बोट तिन्ही तारांवर आडवं टाका आणि तिसऱ्या बोटाने ती वरची पट्टी धरा. सोपं आहे. हे बघा."

"नाई जी," भाऊ म्हणाले. "किताबात चार लिवला हाय."

परतीच्या बसमध्ये सगळे गाणी म्हणत होते. भाऊ खिडकीशी बसले होते. भद्रावती गेल्यावर ते हळूच म्हणाले, "आज खोटा बार उडला. लोकायनं टाळ्या वाजवल्या, ते अजून खराब."

सुमनबाईंना ते लागलं. "लाज राखली तं राग येते माणसाले," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. पुढे चारेक दिवस त्या दोघांमधले निरोप माझ्यामार्फत चालले होते. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा मीच भिंतीपलीकडे सांगायची.

मग खाणीतला कोळसा संपत आला. यंत्रं एकेक करून दुसरीकडे गेली आणि एका दुपारी भोंगाच झाला नाही. त्या दिवसापासून गिटारही वाजली नाही. समोरच्या रांगेतल्या बायकांना काही दिवस त्या वेळेला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. पातेल्याकडे हात जायचा. भाऊंना आता कशाआड लपायला जागा नव्हती आणि उघड्यावर अर्धी गत वाजवणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. गिटार पुन्हा कपाटावर गेली. काही महिन्यांनी क्वार्टर सोडून दोघं आरमोरीकडच्या आपल्या गावी राहायला गेली. ट्रकमध्ये चढल्यावर भोपळा सुमनबाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतला. मला तेव्हा त्याचं थोडं नवल वाटलं.

मी त्यांच्याकडे गेले ते दोन वर्षांनी, धान निघाल्यावर. घरापुढे धानाची पोती रचलेली, परसात मोहाचं झाड. "जयभीम बाई, या जी या," म्हणत भाऊ पुढे आले. खांदे उतरले होते, पण गळ्यात शिट्टी होतीच. चहा झाला, कपबश्यांचं जुनं भांडण झालं. शेवटी मी विचारलं, गिटार कुठे आहे?

"हाय. पण वाजवत नाई. पयले आलो तवा तीन शिट्ट्या मारल्या न, तं रानातून सरपण आणणाऱ्या बाया मोळ्या टाकून पळाल्या. त्याहिले वाटलं, फॉरेस्टवाला आला."

"मले लागला मोळ्या जमा कराले आखा दिवस," सुमनबाई म्हणाल्या. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. "बाई इतक्या दुरून आल्या. वाजवा न."

भाऊंनी आढेवेढे घेतले, मग गिटार आणली. सवयीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, तीन शिट्ट्या मारल्या. कोंबड्या पांगल्या. गत सुरू झाली. हात थोडा जड झाला होता, पण एकही सूर चुकला नाही. मी ऐकत होते आणि मला भीती वाटत होती. शेवट आला की काय होणार, हे मला माहीत होतं आणि त्या चेहऱ्याकडे पुन्हा तसं पाहायची माझी तयारी नव्हती.

सूर चढायला लागला तशा सुमनबाई सूप खाली ठेवून उठल्या. मला वाटलं, आता पाट आपटतात. त्यांनी पदराला हात पुसले, भाऊंच्या डाव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या आणि वाकून आपली करंगळी नेमकी त्या कोऱ्या खुणेवर टेकवली. जागा शोधावी लागली नाही. लहानपणी बिड्या वळलेली ती बोटं. तार घट्ट दाबून त्या भाऊंकडे बघत राहिल्या.

भाऊंचा उजवा हात हवेत थांबला. "अवं, हे काय करून राह्यली? किताबात..."

"किताबात चार लिवला हाय," सुमनबाई म्हणाल्या. "कोनाचा चार, ते नाई लिवलं. उडवा आता."

भाऊंनी आपली तीन बोटं दुसऱ्या पट्टीत टेकवली आणि तारा छेडल्या.

मी तो सूर पहिल्यांदा ऐकला. मोठा नव्हता, काही हललं नाही, काही फुटलं नाही. गत आपल्या घरी पोचली, एवढंच. सुमनबाईंनी तार विझेपर्यंत बोट उचललं नाही. मग त्या काही झालंच नाही अशा सुपाकडे वळल्या.

भाऊ थोडा वेळ मोजत असल्यासारखे बसून राहिले. उठले, कोनाड्यातून बॅटरी आणली, गिटारीच्या भोकात उजेड पाडून सगळीकडे नीट पाहिलं. परत आले. शिट्टी तोंडाला लावली, पण पहिल्यांदा नुसती हवाच गेली. त्यांनी पाठ वळवली, छाती भरून घेतली आणि लांब शिट्टी मारली.